पैलवान, पाच गोळ्या आणि तानाबाईंचं सूप

चिखलीच्या सावळाराम पैलवानाला आसपासच्या गावांत कुणी चीत केलं नव्हतं. छप्पन साली पिंपरीत ते काम एका शेंगदाण्याएवढ्या गोळीने केलं.

त्या वर्षांत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेने कंपन्या उभ्या राहू लागल्या होत्या. काल बाभळी होत्या तिथे आज तारेचं कुंपण, कुंपण आलं की फाटक आलं, आणि फाटक आलं की त्यावर माणूस आला. अशाच एका कंपनीच्या साहेबाने सावळारामला फाटकात उभं केलं, लांब जाऊन पाहिलं, आणि अर्धं फाटक झाकलेलं बघून जागच्या जागी पसंत केलं. राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी.

ही नोकरी सावळारामपेक्षा त्याच्या बायकोला, शकूला हवी होती. लग्न झाल्यापासून जत्रेला गेलेला नवरा कसा परत येतो याची वाट बघण्यात तिचं आयुष्य चाललं होतं. कधी तो फेटा बांधून यायचा, कधी बैलगाडीत आडवा. गेल्या चैत्रात तो निखळलेला खांदा धरून आला आणि हळदीचा लेप लावता लावता तिचेच हात भरून आले. अलीकडे तो बसून उठला की गुडघ्यांतून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा. पैलवानाचं वय झालेलं सगळ्यांत आधी बायकोला ऐकू येतं. फाटकावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी येतो, एवढाच तिचा साधा विचार होता.

डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, डोळे ताणून पाहिले, आणि दोन दिवसांनी सांगितलं, "पोटात जंत आहेत. एवढा मोठा देह, पण अर्धं जेवण दुसरेच जेवतायत."

औषध साधं होतं. तांबूस रंगाच्या पाच गोळ्या, एकामागून एक. मात्र डॉक्टरांचे दोन नियम होते. गोळी फोडायची नाही की चावायची नाही, तोंड पोळतं. आणि गोळ्या घ्यायच्या त्या त्यांच्यासमोर. घरी दिलेल्या गोळ्या कामगार बाहेरच्या ओढ्यात टाकतात, हे त्यांना कळून चुकलं होतं. "त्या ओढ्यातल्या बेडकांना आता जंत नाहीत," ते म्हणत, "कामगारांना आहेत."

सावळारामने पहिली गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाणी वरून घटाघटा ओतलं. पाणी गेलं, गोळी तिथेच. दुसरा तांब्या गेला, गोळी तिथेच. तिसऱ्या तांब्याला त्याचे डोळे पांढरे झाले, मान फुगली, आणि गोळी सुटली ती थेट टेबलावरच्या दौतीत जाऊन पडली.

डॉक्टरांनी चष्म्यावरची शाई पुसली. त्यांचा आवाज चढला नाही, हेच जास्त वाईट होतं.

"शनिवारी या. सकाळी, उपाशी पोटी. पाचही गोळ्या पोटात गेल्या तर सही करतो. नाहीतर भोसरीचा एक जण कधीपासून विचारतोय. तो तुमच्याइतका रुंद नाही, पण गिळतो."

दाराबाहेर बसलेल्या शकूने हे सगळं ऐकलं.

परत येताना सावळाराम म्हणाला, "शके, आयेला यातलं काय सांगू नगंस."

आई, म्हणजे तानाबाई, तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी तळवड्याला गेल्या होत्या. पैलवान पोराच्या पोटात जंत, हे त्यांना कळलं असतं तर दृष्ट काढण्यात घरातल्या मिरच्या संपल्या असत्या आणि खाटेवरच्या ढेकणांपर्यंत सगळ्यांना बातमी गेली असती. शकू म्हणाली, "न्हाई सांगत." सावळारामने मात्र घरी जायच्या आधी तालमीत डोकावून वस्ताद चिमाजींना सांगितलं. दिवे लागायच्या आत गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी गोठ्यात परीक्षा भरली.

परीक्षा शकूने लावली होती, आणि रीतसर लावली होती. गोळीच्या मापाचे चिंचोके तिने निवडून, घासून गुळगुळीत करून घेतले. ती म्हणाली, एका वेळी एक चिंचोका आणि एकच उपाय. ज्या उपायाने चिंचोका खाली उतरेल तो शनिवारी पिंपरीला न्यायचा. वस्ताद चिमाजी पंच म्हणून कडब्यावर बसले. शेजारच्या भागूबाई वाटीभर लोणी घेऊन आल्या.

"लोण्यात घाल. माझी सासू बिब्बा घ्यायची लोण्यातनं. दगड बी जाईल."

सावळारामने लोण्याचा गोळा तोंडात घेतला, डोळे मिटले, गिळला. सगळे पुढे सरसावले. त्याचं तोंड क्षणभर हललं, आणि समोर ठेवलेल्या पितळीत आवाज झाला. टुक. चिंचोका धुऊन काढल्यासारखा स्वच्छ होता. त्यावर लोण्याचा डागही नव्हता.

"लोणी कुठं गेलं?" वस्तादांनी विचारलं.

"लोणी गेलं की खाली."

मग केळ्याचं शिकरण झालं. टुक. पुरण झालं. टुक. अळूचं फदफदं, दही, भागूबाईंचा गुळांबा. टुक, टुक, टुक. शकू बघत राहिली. नवऱ्याचा घसा बंद नव्हता. घशात बोरं भरलेली पाटी रिकामी झाली असती. अडत होती ती जीभ. कसल्याही चिकट, गोड, गुळगुळीत राड्यातून ती कठीण वस्तू अचूक हुडकत होती आणि दातांच्या कडेने बाहेर काढत होती. असली जीभ शकूने दुसऱ्या कुणाची पाहिली नव्हती.

"तुला गिळाय येत न्हाई," वस्ताद म्हणाले. "बघ माझ्याकडं." त्यांनी गुळांब्यात चिंचोका बुडवला आणि सहज गिळला. "गेला का न्हाई?" मग खात्री करायला शिकरणातून एक गिळला. मग पुरणातून. भागूबाईंनीही लोण्यातला एक गिळून दाखवला. बघायला आलेल्यांना हे दाखवणं फार आवडलं. ज्याला त्याला पैलवानाला शिकवायचं होतं, आणि प्रत्येकाला शिकवायला गुळांबाच लागत होता.

"चिमाजीभाऊ," भागूबाई रिकाम्या बरणीत बघत म्हणाल्या, "जंत त्याच्या पोटात हायती का तुमच्या?"

"पंचानं तपासायला नगं व्हय?"

शेवटी वस्तादांनी स्वतःचा डाव काढला. सावळारामने चिंचोका पाण्यासकट तोंडात धरायचा, वस्तादांनी नाक दाबायचं आणि पाठीत थाप मारायची. थाप बसली. चिंचोका गोठ्यातून सरळ गेला आणि म्हशीच्या कपाळावर आपटला. म्हशीने त्या संध्याकाळी दूध दिलं नाही.

दिवस असेच गेले. शुक्रवारी संध्याकाळी घरात न जिंकलेल्या उपायांची भांडी तेवढी घासायची राहिली होती, आणि तेवढ्यात तानाबाई तळवड्याहून परत आल्या.

तानाबाईंनी सून घरात आल्यावर चूल दिली होती, दुभतं दिलं होतं, कोठीच्या किल्ल्याही दिल्या होत्या. दिलं नव्हतं ते सूप. धान्य निवडायचं ते त्यांनीच. "तांदूळ निवडावा तो मीच," हे त्या स्वतःच सगळ्या गावाला सांगत. डोळे अधू होत चालले होते. महिन्यापूर्वी अंगणात टेकवलेल्या कडब्याच्या पेंढीला त्या "या, बसा" म्हणाल्या होत्या. पण डोळ्यांचा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. खळ्यावरून आलेल्या मावळातल्या तांदळात खडे असायचेच. पूर्वी ते सुपात राहायचे, आता ते भातात यायचे. शकूला लागला की ती पदराच्या गाठीत लपवायची. नवऱ्याला लागत असतील का, हा विचार तिने कधी केला नव्हता. त्याने कधी तक्रारच केली नव्हती.

आल्या आल्या तानाबाईंनी सूप घेतलं. "चार दिस काय खाल्लं असंल पोरानं," म्हणत तांदूळ निवडला. भात झाला. सावळाराम जेवायला बसला आणि त्या नेहमीसारख्या त्याच्यासमोर पाटावर बसल्या. समोर बसायचं, घासाकडे कान लावायचा आणि विचारायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा रिवाज.

शकूला पहिल्याच घासात खडा लागला. तिने तो गाठीत बांधला आणि सहज नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा जबडा मध्येच थांबला होता.

"खडा लागला का रं?" तानाबाईंनी विचारलं.

क्षणभर काहीच नाही. मग त्याच्या गळ्याची गाठ वर गेली आणि खाली आली. पाण्याशिवाय.

"न्हाई, आये."

शकूचा हात ताटातच राहिला. आजवर रोज डोळ्यांसमोर घडत असलेली गोष्ट तिला आज दिसली. पण चार दिवस परीक्षा घेतलेल्या बाईने एका खड्यावर विश्वास ठेवायचा नसतो. ती चुलीकडे गेली, उरलेल्यांतला एक चिंचोका तिने भातात दडवला, वर आमटी ओतली आणि नवऱ्याला वाढलं.

तिसऱ्या घासाला जबडा थांबला. सावळारामच्या कपाळावर आठी पडली. हा खडा त्याला नेहमीपेक्षा मोठा वाटला असावा. त्याने चोरून पितळीकडे पाहिलं.

"का रं थांबलास? खडा हाय का?"

गाठ वर गेली. तिथे जरा रेंगाळली. खाली आली.

"न्हाई, आये. झ्याक झालाय भात."

लोणी, पुरण आणि वस्तादांची थाप जिथे हरली तिथे तानाबाईंचा एक प्रश्न जिंकला होता.

मागच्या अंगणात तो हात धूत असताना शकूने त्याला गाठलं.

"अवो, तुमी खडं गिळता?"

"हळू बोल."

"कवापासनं?"

"आयेचं डोळं गेल्यापासनं." तो ओशाळला होता. "ती तिकडं बघत असली की मी हळूच काढून पितळीखाली ठेवतो. जिभेला आता सवयच लागलीय हुडकायची. पर समोर बसून इचारलं की काय करनार? थुकला तर आवाज व्हतो. तिला काय वाटंल?"

"मग गोळी का गिळत न्हाई?"

"गोळीला कुनाची लाज हाय?"

शकू म्हणाली, "मगाचा चिंचोका व्हता."

"तरीच!" सावळाराम म्हणाला. "मला वाटलं, आयेचं डोळं लईच गेलं."

शनिवारी पहाटे शकूने सासूला सांगितलं, की डॉक्टरांना पैलवानाच्या आईला बघायचं आहे. यात तानाबाईंना नवल वाटलं नाही; उशीर झाला एवढंच वाटलं. त्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. वस्ताद चिमाजींनी गाडी जुंपली आणि बरोबर केळ्यांचा फणा घेतला. वाटेत शकू सासूच्या कानाशी लागली.

"आत्याबाई, तितं त्यांना पाच गोळ्या द्यायच्यात, ताकदीच्या. पर त्या कंपनीत बनत्यात. कोन निवडतं, कोन पाखडतं, द्येवाला ठाव."

तानाबाई सरळ बसल्या. "यंत्रानं करत असत्याल."

"तर काय. म्हनून म्हनते, तुमी समोर बसा आन् दर गोळीला इचारा."

"इचारनार म्हंजे? इचारल्याबिगर गिळू देईन व्हय मी?"

डॉक्टरांनी खोलीत आलेली वरात पाहिली आणि सगळ्यांत आधी केळी बाहेर ठेवायला लावली.

"उपाशी पोटी सांगितलं होतं."

"केळं उपासाला चालतं, डॉक्टर," वस्ताद म्हणाले.

"ही एकादशी नाही. पोट रिकामं पाहिजे. नुसतं पाणी." मग त्यांनी दौतीला झाकण घातलं, टेबल जरा मागे ओढलं आणि पहिली गोळी पुढे केली.

तानाबाईंनी स्टूल ओढून मुलाच्या समोर मांडलं होतं. त्याने गोळी तोंडात टाकली, पाण्याचा घोट घेतला. घोट गेला. जिभेने गोळी हुडकून गालात आणली. शकूला गालावरचा उंचवटा दिसला. डॉक्टरांनी हाताने दौत झाकली.

"खडा लागतो का रं?" तानाबाई म्हणाल्या.

गाठ वर गेली, खाली आली. "न्हाई, आये."

डॉक्टरांनी त्याला तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली, गाल बोटाने ताणले. गोळी नव्हती. ते तानाबाईंकडे बघत राहिले.

दुसरी गोळी. "ही कशी हाय? कचकच न्हाई ना?" "न्हाई, आये." तिसरी. "बारीक खडा बी न्हाई?" "न्हाई, आये." वस्ताद प्रत्येक गोळीला मांडीवर थाप मारत होते. शकू बोटांवर मोजत होती. भोसरीचा माणूस फाटकापासून पावलापावलाने मागे जात होता.

चौथी गोळी गेली, "न्हाई, आये," झालं, आणि तानाबाई गप्प झाल्या. त्यांची मान किंचित कलली. डोळे अधू झालेल्या माणसाचे कान कामाला लागतात, हे घरात कुणी ध्यानात घेतलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाचवी गोळी दिली. सावळारामने ती तोंडात टाकली. घोट गेला, गालावर उंचवटा आला. सगळे तानाबाईंकडे बघू लागले. तानाबाई विचारेनात.

"आत्याबाई," शकू हळूच म्हणाली.

"थांब गं." त्यांनी हात पुढे करून मुलाचा गुडघा धरला. "सावळ्या, तू आत्ता 'न्हाई' म्हनायच्या आधी थांबलास. चारी खेपंला थांबलास. जेवताना बी तू आसाच थांबून 'न्हाई' म्हनतोस. रोज."

सावळारामच्या गालात गोळी तशीच.

"इतकी वरसं तू माझ्यासमोर खडं गिळत व्हतास व्हय रं?"

कुस्तीत असा एक क्षण येतो, की सुटायला जागाच नसते. सावळारामने आईकडे पाहिलं. गळ्याची गाठ इतकी वर गेली की शकूला वाटलं ती आता तोंडातून बाहेर येते. मग ती खाली आली.

"न्हाई, आये," तो म्हणाला. "कदीच न्हाई."

डॉक्टरांनी तोंड तपासलं आणि सही केली.

मग ते तानाबाईंना म्हणाले, "आजी, आठवड्यातून एकदा इथं येऊन बसाल का?" पण त्यांचं लक्ष नव्हतं. निघता निघता शकूने मागे वळून पाहिलं, तर डॉक्टर पुढच्या कामगाराला गोळी देऊन स्वतःच विचारून बघत होते, "खडा लागतो का?" तो कामगार म्हणाला, "लागतो की," आणि गोळी काढून त्याने त्यांच्या हातावर ठेवली.

गाडीत वस्तादांनी तानाबाईंना केळं दिलं ते त्यांनी घेतलं नाही. वेशीतून गाडी आत आली तरी नाही. घरी आल्यावर त्यांनी खुंटीवरचं सूप काढलं, हाताने चाचपून झटकलं आणि शकूच्या पुढ्यात ठेवलं.

"आजपासनं तू निवड."

"आत्याबाई, तसं न्हाई..."

"माझं डोळं गेलं म्हनून न्हाई देत," तानाबाई म्हणाल्या. "माझं पोरगं लबाड निघालं म्हनून देती."

पंधरवड्यात सावळाराम खाकी कपड्यांत फाटकावर उभा राहिला. पितळी बटणं छातीवर ताणली जात होती, पण तुटत नव्हती. संध्याकाळी तो आपल्या पायांनी घरी येऊ लागला, आणि जंत गेल्यामुळे पूर्वीच्या निम्म्या भाताने त्याचं पोट भरू लागलं. वस्ताद चिमाजींना याचंच सगळ्यांत वाईट वाटलं.

पहिल्या सुट्टीच्या दिवशी शकूने अंगणात उन्हात बसून तांदूळ निवडला. दोनदा निवडला. एकेक दाणा बोटाखालून घातला. सूप आता तिचं होतं आणि निवडणं कशाला म्हणतात हे तिला सासूला दाखवायचं होतं. नवऱ्याला वाढून ती बाजूला बसली. तानाबाई समोरच्या पाटावर बसल्या होत्या. सूप दिलं होतं. पाट दिला नव्हता.

दुसऱ्या घासाला सावळारामचा जबडा थांबला.

तानाबाईंची मान किंचित कलली. इतक्या गोड आवाजात त्यांनी आजवर कधी विचारलं नसेल.

"खडा लागला का रं, लेका?"

सावळारामने आईकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. बायकोकडे जरा जास्तच वेळ. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली.

"न्हाई, आये."

"वाढ गं त्याला," तानाबाई म्हणाल्या. "आनखी भात वाढ."